वास घेणाऱ्याचं नाव

२८ जानेवारी

ताई,

पाकिटात तीन कागदी पट्ट्या आहेत. आधी त्या काढून एकमेकींपासून लांब ठेव, मग पुढे वाच. मी तिन्ही वेगवेगळ्या मेणकागदात गुंडाळल्या आहेत, पण आठवडाभर एका पाकिटात राहिलं की कोणाचा वास कोणाला लागेल सांगता येत नाही.

पत्राच्या वर मायना काय लिहायचा ते शाळेत गुरुजींनी छडी हातात घेऊन पाठ करून घेतलं होतं. ते सगळं मी एका कागदावर लिहून काढलं आणि तो कागद बाजूला ठेवला. सात वर्षांनी पहिलं पत्र लिहिताना त्यातलं एकही वाक्य हाताला लागेना. म्हणून नुसतं 'ताई'.

काम लहानसं आहे. नमुन्यांच्या कपाटात कसर शिरली आणि खालच्या फळीवरच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या खाऊन गेली. बाबांचा नियम तुला माहीत आहे. प्रत्येक भट्टीच्या तेलाची एक लहान बाटली लाखेने बंद करून ठेवायची आणि चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: वर्ष, कितवी भट्टी, आणि वास घेणाऱ्याचं नाव. आता चिठ्ठ्याच गेल्या. बाटल्या कडू नारिंगाच्या आहेत एवढं नक्की, आपल्याकडे दुसरं असतंच काय. पण एकाच झाडाची तीन तेलं, फुलाचं, पानाचं आणि सालीचं. जुनी झाली की तिघंही भावंडांसारखी दिसायला लागतात. तेव्हा एकेका बाटलीत एकेक पट्टी बुडवून मी त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे घातले आहेत. तू प्रत्येकीवर फक्त लिहायचं, फूल, पान की साल. परतीचं पाकीट सोबत ठेवलं आहे, तिकीट लावून. दुसरं काही लिहायलाच हवं असं नाही.

मलाही सांगता आलं असतं. पण म्हटलं, बाबांची मुंगी असताना मी कशाला मध्ये. बाबा एक पट्टी तेलात बुडवून घरात कुठेतरी लपवायचे, गादीखाली, आरशामागे, आणि तू रांगेतल्या मुंगीसारखी सरळ जाऊन ती काढायचीस. मी घरभर उलथापालथ करायचो आणि शेवटी तुझ्या तोंडाकडे बघायचो.

इकडे ठीक. थंडीत मला जरा ताप येऊन गेला, आता बरा आहे. छाटणी झाली, पानाची भट्टी चालू आहे. फूल मार्चच्या मध्यावर येईल असं झाडांकडे बघून वाटतं.

सर्वांना नमस्कार. 'सर्वांना' असं लिहिलं आहे. समजून घे.

तुझा भाऊ


१७ फेब्रुवारी

ताई,

पट्ट्या मिळाल्या. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, एखादी चिठोरी असेल म्हणून. नव्हती. एक नंबरवर 'पान'. दोनवर 'फूल'. तीनवर 'साल, जुनी, उन्हात राहिलेली'. पेन्सिलीने, नेहमीसारखं दाबून.

आता खरं सांगतो. कसर लागली नव्हती. चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत आणि तू तिन्ही बरोबर ओळखल्यास. तीन नंबरची बाटली कपाटात जायच्या आधी एक उन्हाळाभर खिडकीत राहिली होती, तेही बरोबर. मी तुला पट्ट्या पाठवायच्या आधी स्वतः डोळे मिटून हेच करून पाहिलं होतं. माझी एकच बरोबर आली आणि तीही अंदाजाने.

ताप उतरल्यापासून नाकाचं काहीतरी झालं आहे. वास येतच नाही असं नाही, तसं असतं तर परवडलं असतं. येतो, पण भलताच. चहाला ओल्या पुठ्ठ्याचा येतो. साबणाला करपल्याचा. फुलाचं तेल नाकाशी धरलं की पानाचं वाटतं, पुन्हा धरलं की कशाचंच वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, अशा तापानंतर होतं, काहींचं महिन्याभरात जातं, काहींना वर्षं लागतात. मी विचारलं, "आणि बाकीच्यांचं?" तर ते औषध लिहायला लागले.

हिला कळलं ते दुधामुळे. दूध करपलं होतं आणि मी पेलाभर पिऊन वर "आज छान लागतंय" म्हणालो. ही कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "बावीस वर्षांत एकदा छान म्हणाला नाहीत, आणि आज करपलेल्याला छान?" मग सांगावं लागलं. त्यावर ही म्हणाली, "बरं झालं. आता मी काहीही रांधलं तरी खपून जाईल." नंतर आत जाऊन रडली असावी, कारण बाहेर आल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

भट्टीवर कोणाला बोललेलो नाही. तिथे माझं काम काय, तर नाक. तेल उतरायला लागलं की कधी थांबायचं, उतरलेलं स्वच्छ आहे की नाही, हे मी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. पण त्यासाठी तुला हे लिहीत नाही.

परवा सकाळी नाम घेत बसलो होतो. मनात एक गोष्ट आली आणि तेव्हापासून माळेचे मणी चुकतात. सात वर्षांपूर्वी, त्या फुलाच्या दिवसांत, मला ताप येऊन गेला होता का? मला वाटतं आला होता. ही म्हणते तो आदल्या वर्षीचा. मी तिला म्हटलं, "नीट आठव." ती म्हणाली, "ताप तुम्हाला आला होता, मी कशाला लक्षात ठेवू?" तुला आठवतं का काही?

कारण त्या दिवशी मी पहिल्या फुलाचं तेल नाकाशी धरलं आणि तोडणीवाल्या तीस बायामाणसांसमोर म्हणालो की यात पान आहे. फुलांतून पानं आणि देठ चाळून काढायचं काम दाजींचं. मी म्हणालो, "दाजी, वजन भरावं म्हणून पानं तशीच जाऊ दिलीत ना?" नजरचुकीने राहिली असतील, असं म्हणता आलं असतं. ते मला सुचलं नाही. दाजींनी चाळणी झाडाला टेकवून ठेवली, हात झटकले आणि घरी गेले. चौथ्या दिवशी तुम्ही तिघं निघालात. भाचीच्या दप्तराचा एक पट्टा तुटलेला होता. तुझ्या कडेवर पत्र्याच्या डब्यात नारिंगाचं वीतभर रोप होतं. फाटकापाशी वळून तू म्हणालीस, "तुझं नाक खरं असेल रे. पण माणूस नाकाने ओळखायचा नसतो." मला तेव्हा नाक खरं असेल एवढंच ऐकू आलं होतं.

आता ते नाकच तेव्हा बिघडलेलं असेल तर?

मी तुला नेमकं काय विचारतो आहे ते मलाही सांगता येत नाही. पत्र टाकू की नको असं चाललं आहे. टाकतो.

तुझा भाऊ


४ मार्च

ताई,

त्या दिवशीच्या तेलाची बाटली कपाटात आहे. सात वर्षांत मी तिच्यावरची धूळ पुसली, पण तिला हलवलं नाही. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात वर्ष आहे, 'पहिली भट्टी' आहे, आणि 'वास घेणारा' पुढे 'मी'. बाबा हयात असते तर म्हणाले असते, मी म्हणजे कोण, नीट लिही.

काल तेल घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाई आल्या होत्या. दरवर्षी फुलाआधी एकदा येऊन भट्टी बघून जातात. तिशीच्या असतील, बोलणं मोजकं, नाक मात्र पक्कं. मी त्यांच्यासमोर बाटलीची लाख फोडली. चिठ्ठी अंगठ्याखाली धरली होती. म्हटलं, "जरा सांगता का काय आहे?" त्यांनी पट्टी बुडवली, हलवली, थांबल्या, पुन्हा नाकाशी धरली.

"फूल आहे. पण यात पान आहे."

"नक्की?"

"तुम्हीच विचारताय होय?" म्हणाल्या. "थोडं आहे, पण आहे. पहिल्यांदा फूल येतं, मागून हिरवं, तुरट. तुम्हाला येत नाही का?"

मी येतं म्हणालो.

ताई, तुझ्यापासून काय लपवू. त्या क्षणी मला हलकं वाटलं. माझं नाक तेव्हा शाबूत होतं. मी खोटं बोललो नव्हतो. बाई गेल्यावर मी दार लावून देवासमोर बसलो आणि चक्क आभार मानले. मग माळ हातात घेतली आणि लक्षात आलं, मी आभार कशाचे मानतोय? माझ्या बहिणीचा नवरा लबाड निघाला याचे?

माळ ठेवून दिली. नाक चुकलं असतं तर दाजींवर अन्याय झाला. नाक बरोबर असेल तर दाजींनी पानं जाऊ दिली. दोन्हींतलं कुठलं खरं निघावं असं मला वाटतंय, हे मी स्वतःला विचारलं. एकवीस वर्षं दाजी चाळणीवर होते. तांदूळ निवडावा तसं फूल निवडायचे. आम्ही हसायचो त्यांना, की दाजी पानाला आधी नमस्कार करतात आणि मग बाजूला काढतात. असा माणूस वजनासाठी पानं जाऊ देईल का? पण तेलात पान आहे. दोन नाकांनी सांगितलं.

हे पत्र आज टाकत नाही.

८ मार्च, पुढे चालू

बरं झालं टाकलं नाही.

काल पानाची शेवटची भट्टी उतरली. आज सकाळी मी नेहमीप्रमाणे भट्टीच्या ओट्यावर डोळे मिटून बसलो होतो. नाम पुरं होईपर्यंत मी बोलत नाही, हे तुला सांगायला नको. डोळे उघडले तर समोर फुंक्याकाका उकिडवे बसलेले. म्हातारे झालेत आता, पण जाळ अजून त्यांच्याच हातचा. बाबांनी त्यांना हे नाव दिलं तेव्हा त्यांचे गाल फुगलेले होते, आता आत गेलेत.

"काय काका, कधीपासून बसलाय?"

"झाला असेल अर्धा तास."

"मग हाक मारायची."

"नाही, हंड्यात पाणी उकळून घ्यायचं ना, तेवढं विचारायचं होतं."

"ते काय विचारायचं? पानानंतर हंडा धुतल्याशिवाय फूल भरतो का आपण? तीन तास पाणी उकळायचं, ओतायचं, मग फूल. आणि विचारायचंच होतं तर आल्या आल्या विचारायचं. अर्धा तास फुकट घालवला."

"नको रे बाबा," काका म्हणाले. "एकदा तसं विचारलं तेवढं पुरे."

मी हसलो आणि उठायला लागलो. मग पुन्हा बसलो.

"एकदा म्हणजे कधी?"

"दाजी गेले त्या वर्षी. फूल आठ दिवस आधी आलं नव्हतं का? आदल्या दिवशी पानाची भट्टी उतरलेली आणि सकाळी बघतो तर फुलांची पोती दारात. हात घातला तर ढीग आतून गरम. तुम्ही असेच बसलेले. मी म्हटलं, धाकटे, हंडा धूत बसलो तर फूल कुजेल, सरळ भरू का? तुम्ही मान हलवलीत. एकदा नाही, चांगली तीन-चारदा. मी भरलं."

ताई, नाम घेताना माझी मान हलते. लहानपणी तू माझी नक्कल करायचीस, पायलीत धान्य दाबून भरतात तशी मान हलवून दाखवायचीस आणि आई तुला ओरडायची. मी काकांचं काहीही ऐकलं नव्हतं. आठवत नाही असं नाही, ऐकलंच नव्हतं. हंडा धुतला असेल असंच मी धरून चाललो होतो, कारण तो नेहमी धुतलेला असतो.

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हणालात पानं मिसळली. पानं तर कोणीच मिसळली नव्हती, ते मी सांगणारच होतो. पण मला वाटलं, तुमच्याच सांगण्यावरून भरलंय, म्हणजे हंड्याचं तुम्हाला ठाऊक आहे. तरी असं बोलताय म्हणजे आत घरातलं काहीतरी वेगळं भांडण असणार. मालकांच्या घरच्या भांडणात मी कशाला फुंकर घालू? माझं ते काम नाही."

"आणि दाजी?"

"त्यांनी हंड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. निघायच्या दिवशी सकाळी इथे येऊन गेले. म्हणाले, काका, पुढच्या वेळी धाकट्यांनी डोळे उघडल्यावर विचारत जा."

एवढं सांगून काका पाणी भरायला उठले. रागावायचं तर कोणावर? माणसाने विचारलं, मालकाने मान हलवली, त्याने भरलं.

म्हणजे दाजींना माहीत होतं. त्या दिवशीच कळलं होतं. मग ते बोलले का नाहीत? एक वाक्य पुरलं असतं. 'धाकटे, हंडा धुतला नव्हता.' मी सकाळपासून याची उत्तरं शोधतो आहे. कधी वाटतं, काकांची भाकरी जाईल म्हणून गप्प बसले. कधी वाटतं, मी देवाचं नाव घेत होतो, ते मध्ये यायला नको म्हणून. आणि कधी वाटतं यातलं काहीच नाही. ज्या मेव्हण्याबरोबर एकवीस वर्षं काम केलं तो तीस माणसांसमोर चोर म्हणतो, तिथे हंड्याचा पुरावा देऊन चोर नाही ठरायचं, यात काय राहिलं? तुला सांगितलं होतं का त्यांनी? तू फाटकापाशी बोललीस ते हे माहीत असून बोललीस का? मग मला सांगितलं का नाहीस? की सांगितलंस, तेच ते वाक्य होतं?

मी देवाचं नाव घेत होतो, ताई, आणि त्याच वेळी माझ्या मानेने हे करून ठेवलं. याची तक्रार कोणाकडे करू ते कळत नाही. त्याच्याकडेच करावी लागेल.

पत्र बंद करतो. त्या बाटलीची पट्टी सोबत ठेवणार होतो. ठेवली नाही. तुम्हाला तो वास पुन्हा कशाला.

तुझा भाऊ


२२ मार्च

ताई,

फूल आलं. परवापासून झाडांखाली चादरी अंथरल्या आहेत. लोक येऊन म्हणतात, काय वास सुटलाय, रस्त्यापर्यंत येतो. मी हो म्हणतो. मला जळलेल्या दोरीचा येतो.

काल सकाळी तोडणी सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना चादरीपाशी बोलावलं. जे तीस जणांसमोर बोललो ते तितक्यांसमोरच मागे घ्यायला हवं, एवढं मला समजत होतं. रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागद घरी राहिला. जसं आलं तसं बोललो. म्हटलं, सात वर्षांपूर्वी इथे मी दाजींना पानं मिसळली असं म्हणालो, ते खोटं होतं. हंडा धुतलेला नव्हता आणि तो माझ्यामुळे धुतलेला नव्हता. दाजींच्या चाळणीतून एक पान गेलं नव्हतं.

मग एक मुलगी शेजारणीला विचारते, "दाजी कोण?"

ताई, त्या तिसांतल्या फक्त चौघी उरल्या आहेत. बाकी सगळे नवे. त्यांना दाजीही माहीत नाहीत आणि मीही सात वर्षांपूर्वीचा माहीत नाही. मी ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं ती माणसं आता तिथे नाहीतच. जुन्यांतली एक, ती पायाने अधू आहे ती, टोपली कंबरेला लावत म्हणाली, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं. दाजी हात लावतील आणि पान राहील? कसं शक्य आहे?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगत होता."

मग दुसरी म्हणाली, "फूल वेचायचं का आता? ऊन चढतंय." आणि सगळ्या पांगल्या. मी मनात धरून होतो की छातीवरचा दगड उतरेल वगैरे. तसं काही झालं नाही. चादरीची एक बाजू दुमडली होती, ती सरळ केली.

नाकाचंही सांगून टाकलं. फुंक्याकाका म्हणाले, "म्हणून तुम्ही हल्ली पट्टी इतका वेळ धरून बसता होय. मला वाटलं भक्ती वाढली." तपासनीस बाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, मग यंदा तेल पास कोण करणार? मी म्हटलं, आठ-पंधरा दिवस द्या.

हंडा दोनदा धुतला. धुताना मी शेजारी उभा होतो, डोळे उघडे ठेवून. हल्ली नामही तसंच घेतो. समोर झाडं दिसतात, माणसं येताना-जाताना दिसतात, मन एका जागी राहत नाही. पण कोणी काही विचारलं तर ऐकू येतं. हे बरं की ते बरं, ठरवता येत नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. ते म्हणाले असते, आधी भट्टीकडे बघ.

पहिल्या भट्टीचं तेल उतरलं आहे. बरणीत बंद करून ठेवलं आहे, विकायला काढलेलं नाही. त्याची एक पट्टी सोबत आहे. एकच आहे, मुद्दाम. तिच्यावर आकडा नाही. स्वच्छ आहे की नाही तेवढं सांग. नसेल तर नसेल, सगळं ओतून देईन.

आणखी एक. तुम्ही परत या असं लिहायला घेतलं होतं आणि थांबलो. मला तसं म्हणायचा हक्क आहे की नाही ते मला माहीत नाही. दाजींची चाळणी मात्र अजून आहे. सात वर्षं दुसरी वापरतो. ती त्या झाडाखालून मी उचलून आणली होती आणि भट्टीच्या दारामागे अडकवून ठेवली आहे. का ठेवली, तेव्हाही कळलं नव्हतं. रागाच्या भरात माणूस वस्तू टाकून देतो, मी तीही टाकली नाही.

दाजींना हे पत्र वाचून दाखव. किंवा नको दाखवू. तूच ठरव.

तुझा भाऊ


१० एप्रिल

ताई,

डबी काल आली. पोस्टमनने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "यात काय आहे हो? माझी अख्खी पिशवी घमघमतेय." मी त्याला म्हटलं, "तुम्हीच सांगा कशाचा वास आहे." तो बिचारा गोंधळला, म्हणाला, "चांगला आहे."

ही शेजारी उभी होती. तिनेच दोरा तोडला. आत पट्टी नव्हती. वहीच्या पानात गुंडाळलेली एक जाड वाळकी साल होती. पानावर भाचीचं अक्षर, रसायनशास्त्राचं काहीतरी, बाणबिण काढलेले. दप्तराच्या तुटक्या पट्ट्याची पोरगी आता हे शिकते, हे मी दोनदा वाचलं, कळलं काही नाही. आणि खाली चिठ्ठी. वर तुझी पेन्सिल:

'पट्टी ठेवून घेतली आहे. स्वच्छ आहे. डब्यातल्या रोपाला यंदा पहिली फळं धरली, त्यातल्या एकाची साल.'

त्याखाली शाईने, वेगळ्या हाताचं:

'हंडा दोनदा धुतला ते ठीक. पण फुलाच्या पहिल्या वाफेचं पाणी वेगळं काढून टाकत जा. नळीतही पान राहतं.'

एवढंच. ना नमस्कार, ना सही. मी ते हिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात राग आहे की नाही?"

ही म्हणाली, "मला काय विचारता? नळी धुतली का?"

तिथून मी उठलो आणि फुंक्याकाकांकडे गेलो. काकांनी चिठ्ठी हातात घेतली, त्यांना वाचता येत नाही, तरी बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. नळीचं आपण विसरतोच." आणि लगेच नळी उतरवायला घेतली.

मी अजून त्या दोन ओळींवरच आहे. दाजी रागावलेले असते तर लिहिलंच नसतं. पण राग गेला असता तर आणखी एक शब्द लिहिला असता. किंवा कामाचं सांगणं हाच तो शब्द असेल. एकवीस वर्षं आम्ही दुसरं काय बोललो एकमेकांशी? दुपारी सुचतं ते संध्याकाळी खोटं वाटतं. तुला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत असेल, मला शाई बघून कळत नाही.

साल नाकाशी धरली. करपलेलं, पुठ्ठा, मग काहीच नाही. पुन्हा धरली, तेच. मग काय वाटलं कोण जाणे, तिचा एक तुकडा तोडून दातांखाली घेतला. ताई, कडू लागलं. जीभ आखडून गेली, डोळ्यांत पाणी आलं, ही धावत पाणी घेऊन आली. मी तिला हाताने थांबवलं. जानेवारीपासून पहिल्यांदा एक गोष्ट जशी आहे तशीच मला कळली होती. तुमच्या दारातलं झाड कडू आहे, अगदी आपल्यासारखं, त्यात फरक नाही. एवढं मी आता खात्रीने सांगू शकतो.

संध्याकाळी कपाट उघडलं. सात वर्षांपूर्वीच्या बाटलीची जुनी चिठ्ठी काढली नाही, तिच्याखाली दुसरी लावली. 'हंडा न धुता भरलेली. फुलात पान नव्हतं.' यंदाच्या पहिल्या भट्टीची बाटली तिच्या शेजारी ठेवली, वर्ष लिहिलं, 'पहिली भट्टी' लिहिलं, आणि पुढे थांबलो. 'वास घेणारा' पुढे मी माझं नाव घालू शकत नव्हतो. पेन्सिल घेतली आणि 'मुंगी' लिहिलं.

शाईने लिहिलेलं नाही. ज्याने वास घेतला त्यानेच ते पक्कं करायचं, आणि ती बाटली या कपाटातून हलवता येत नाही, हाही बाबांचाच नियम. शाईची दौत फळीवर ठेवली आहे. रबरही ठेवला आहे.

तुझा भाऊ